पट मोजा, गुरुजी

(शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी इतवारीत प्राथमिक शिक्षक, वस्तीतले आईबाप आणि तरुण मित्र यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जसं झालं तसंच ठेवलं आहे. मधला गोंगाट तेवढा गाळला आहे.)



पुढं खुर्च्यांवर शिक्षक बसलेत, मधे सतरंजीवर आयाबाया बसल्यात, आणि मागं भिंतीला टेकून आपली पोट्टी उभी आहेत. शाळेतही अशीच मांडणी असते. पुढचे पुढं, मागचे मागं. आज निदान एवढं करू या, मागच्यांनी पुढं येऊन बसा. जागा आहे. या ना बाप्पा, कोणी खात नाही.

मला सांगण्यात आलं की नवं शाळेचं वर्ष सुरू होतंय, तर प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी वर्षभरासाठी काय उद्दिष्ट ठेवावं, पोरांकडून काय अपेक्षा धरावी, ह्यावर तू बोल. मी म्हटलं, माझाच नंबर काहून लागला? मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटी कामगार. कविता लिहितो, त्या ह्या पानांत छापून येतात, हे खरं. पण त्यानं कोणी शिक्षणतज्ज्ञ होत नाही. तर उत्तर मिळालं, तज्ज्ञ लोक आधीच पुष्कळ बोललेत.

ते मात्र खरं. तज्ज्ञ बोलतात आणि शाळा बंद पडतात. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचं सरकारनं ठरवलं. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा गोळा करून 'समूह शाळा' करायची टूम निघाली. पट कमी म्हणून शाळा बंद. पट कमी का झाला ह्याची चौकशी नाही. तेव्हा आज तज्ज्ञ नको, हमाल चालेल, असा विचार झाला असावा. ठीक आहे. हमालाला एक गोष्ट नक्की येते. मोजणं.

गोदीत जहाज धक्क्याला लागलं, माल उतरायला लागला, की टॅली क्लार्क वही घेऊन उभा राहतो. झोळीत किती पोती भरली, धक्क्यावर किती उतरली, शेडमधे किती लागली, ट्रकवर किती चढली, सगळं त्याच्या वहीत. कागदावर हजार आणि शेडमधे नऊशे ब्याण्णव निघाली तर आठ पोत्यांसाठी बोंबाबोंब होते. मालकाचा माणूस येतो, जहाजाचा येतो, विम्याचा येतो. फाटलेलं पोतं वेगळं काढतात. सांडलेली डाळ झाडून गोळा करतात, दुसऱ्या पोत्यात भरतात, तिचं वेगळं वजन करतात. 'हे पोतं फाटणारच होतं, त्याच्या घरचं वातावरणच तसं होतं', असं गोदीत कोणी म्हणत नाही.

(हशा थांबू द्या.)

आता बंदरातलं ते काम पुष्कळ कमी झालंय. १९८९ साली न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, कंटेनर आले, पाठीवरचा माल डब्यात गेला. तरी जो सुटा माल येतो तो आजही मोजून उतरतो. डाळीच्या पोत्याला हे भाग्य आहे. आपल्या पोराला आहे का?

मुंबईतच ही मोजणी एकानं केली होती. १२ मार्च १९२७. बाबासाहेब कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. चवदार तळ्यावर जायला आठ दिवस होते. त्यांनी आकडा सभागृहाच्या तोंडावर टाकला: प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर पोरांतली चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. ब्याऐंशी पुन्हा निरक्षरात जमा. आणि त्यांचं म्हणणं साधं होतं. जे मूल शाळेच्या दारातून आत गेलं ते साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, आणि जन्मभर साक्षर राहिलं पाहिजे, नाहीतर त्या शाळेवर केलेला खर्च पाण्यात. पोती मोजणाऱ्या शहरात त्यांनी पोरं मोजली. शंभर आत, अठरा बाहेर. गोदीत अशी टॅली लागली असती तर किती साहेबांच्या नोकऱ्या गेल्या असत्या? कायदेमंडळात कोणाची गेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं. बरोबर. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. दुपारी खिचडी आहे, पुस्तकं फुकट आहेत, पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल आहे, फुगे आहेत, साहेब येऊन फोटो काढून जातात. पोरगं चौथीपर्यंत पोचतं. पटावर त्याचं नाव असतं. पण 'असर' नावाची पाहणी होते दर काही वर्षांनी, गावोगाव घरात जाऊन पोरांना वाचायला लावतात. तिचा २०२४ चा आकडा ऐका. देशातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत तिसरीत बसलेल्या शंभर पोरांपैकी दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकली सुमारे तेवीस. ती पाहणी खेड्यांची आहे, शहरं तिच्यात नाहीत. तुम्ही शहरवाले म्हणून सुटलात असं समजू नका. इतवारीच्या मागच्या गल्लीत मी स्वतः पोरं वाचायला बसवलीत.

तेव्हा पोरं गळायची. आता पोरगं पटावर राहतं आणि अक्षर गळतं. पूर्वी चोर दिसत होता, आता माल कागदावर पूर्ण आहे.

सरकारनंही उद्दिष्ट ठेवलंय. २०२१ च्या जुलैत 'निपुण भारत' सुरू झालं: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधं गणित यावं, आणि हे २०२६-२७ पर्यंत. उद्दिष्ट वाईट नाही. पण सरकारी उद्दिष्टाची गंमत अशी की भिंतीवर रंगवलं की ते पूर्ण होतं. म्हणून मी म्हणतो ते उद्दिष्ट भिंतीवरचं नाही, वहीतलं आहे, आणि ते एकच आहे. जूनमधे वर्गात जितकी पोरं नावानिशी आली, एप्रिलात तितकीच पोरं नावानिशी वाचती झालेली पाहिजेत. एक कमी पडलं तर ते कुठं सांडलं हे गुरुजींना तोंडपाठ पाहिजे.

टक्के नकोत. नावं पाहिजेत. टक्केवारी ही मोठी हरामखोर चीज आहे. ऐंशी टक्के निकाल म्हटलं की टाळ्या वाजतात, हार येतात. ते उरलेले वीस कोण? काढा यादी. बाप धान्याच्या बाजारात पाठीवर माल वाहतो तो पोरगा निघेल. माय चार घरची भांडी घासते आणि धाकटं भावंड सांभाळायला जी पोरगी घरी राहते ती निघेल. दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेलेली दोन पोरं निघतील. कचरा वेचणारीची पोरगी निघेल. दर वर्षी वीसच्या वीस त्याच वस्तीतली. हे टक्के नाहीत, ही वस्ती आहे.

आणि वाचणं म्हणजे काय, तेही आत्ताच ठरवून घेऊ. धडा पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे. पोरांना चित्रावरून अख्खं पान पाठ असतं. गुरुजी, दिवाळीची सुट्टी संपली की तुमचा वर्ग घेऊन एक दिवस इथल्या धान्याच्या बाजारात या. पोत्यावर काय छापलंय ते वाचायला लावा. मालाचं नाव, वजन, गावाचं नाव. हमालाच्या मजुरीचा हिशेब करायला लावा: एका पोत्याचे इतके, तर साठ पोत्यांचे किती, आणि मुकादमानं त्यातून कापले किती. ज्या पोराला हे जमलं ते पास. असला हिशेब ज्याला येतो त्या पोराचा बाप फसत नाही. म्हणूनच कदाचित तो शिकवायची घाई कोणाला नसते.

वेळ किती आहे? कायद्यात लिहिलंय, पहिली ते पाचवीला वर्षाचे दोनशे दिवस आणि आठशे तास. आपल्या विदर्भात उन्हामुळं शाळा उशिरा उघडते, पण दोनशे ते दोनशेच. म्हणजे जहाज दोनशे दिवस धक्क्याला लागलंय असं समजा. तीस पोरांमागं एक शिक्षक, हेही कायद्यात आहे. तीस पोरं, दोनशे दिवस. एकेका पोराला रोज पाच मिनिटं जवळ बसवून वाचून घेतलं तर अडीच तास. सगळ्यांना रोज नको. ज्याला येतं त्याला आठवड्यातून एकदा पुरे. ज्याला येत नाही त्याला रोज. आज उलटं चालतं. ज्याला येतं त्यालाच रोज उठवतात, कारण तपासणीला आलेल्या साहेबापुढं तेच पोरगं शोभतं.

हे झालं उद्दिष्ट. आता अपेक्षा. खरा घोळ इथं आहे.

मी तिसरीत असतानाची गोष्ट. शाळेचं नाव घेत नाही, गुरुजींचंही घेत नाही. मला पाढे येत. सत्तावीसपर्यंत येत. एकदा वर्गात मी हात वर केला तेव्हा गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, 'तू काय करशील रे पाढे पाठ करून? तुझे खांदे चांगले आहेत.' वर्ग हसला. मीही हसलो, कारण मला ती तारीफ वाटली. मग ते वर्षभर मला 'खांदेकर' म्हणत. बाक हलवायचा असला की 'खांदेकर ऊठ'. पाण्याचा ड्रम भरायचा असला की 'खांदेकर ऊठ'. उत्तर विचारायचं असलं की दुसरा कोणी ऊठ.

आज मी गोदीत आहे. म्हणजे गुरुजींची अपेक्षा मी शंभर टक्के पूर्ण केली. अख्ख्या शाळेत मी पहिला आलो असा हा एकच विषय.

त्यांनी छडी मारली असती तर वळ गेला असता. छडी आता कायद्यानं बंद आहे, आणि त्याच कलमात मानसिक छळही बंद आहे. पण हसून बोललेल्या वाक्याचा पंचनामा कोण करतो? ते गुरुजी दुष्ट नव्हते. घरून बिस्किटं आणायचे, आम्हाला वाटायचे. त्यांनी फक्त माझ्याकडे बघून माझा शेवट ठरवून टाकला होता, आणि मग त्या शेवटापर्यंत मला नेऊन सोडलं.

हे मी रागानं बोलतो असं कोणाला वाटेल. तर शास्त्राचं ऐका. १९६५ च्या सुमाराला अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका प्राथमिक शाळेत, रोझेन्थाल नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन नावाची मुख्याध्यापिका, ह्या दोघांनी एक प्रयोग केला. पोरांची बुद्धीची चाचणी घेतली आणि शिक्षकांना नावं दिली: ही पोरं ह्या वर्षी एकदम चमकणार आहेत. वर्षाअखेर पाहिलं तर पहिली-दुसरीतली ती पोरं खरोखर बाकीच्यांच्या पुढं गेली होती. गंमत अशी की ती नावं चाचणीवरून काढलीच नव्हती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढली होती. पाचात एक. पोरांमधे काही वेगळं नव्हतं, वेगळं होतं ते शिक्षकाच्या डोक्यात. १९६८ साली त्यांचं पुस्तक आलं. पंडितांनी त्यावर पुष्कळ वाद घातला, परिणाम एवढा मोठा नसतो म्हणाले. मला तो वाद कळत नाही. लहान वर्गात शिक्षकाची नजर लागते, एवढं मला पुरे.

आणि आपल्याकडं? उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे ह्या दोघींनी सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. कोणाची जात कोणाला सांगितली नाही तेव्हा दलित पोरं आणि वरच्या जातीची पोरं सारखीच. मग सगळ्यांसमोर नाव, गाव, बापाचं नाव, जात असं पुकारलं आणि तेच कोडं दिलं. दलित पोरांची कोडी सुटेनात. तीच पोरं, तोच मेंदू, तीच पेन्सिल. फक्त जात मोठ्यानं वाचली होती.

आता मला सांगा, आपल्या शाळेत जून-जुलैत काय होतं? गुरुजी वर्गात येतात, हातात फॉर्म असतो, आणि म्हणतात, 'एससीची पोरं उभी राहा.' शिष्यवृत्तीचा फॉर्म, जातीचा दाखला, बँकेचं खातं. काही वर्षांपूर्वीपर्यंत गणवेशालाही तेच होतं: मुली सगळ्या, पोरांमधे एससी, एसटी आणि दारिद्र्यरेषेखालची. २०२३-२४ पासून तो गणवेश सगळ्यांना झाला, बरं झालं. पण फॉर्म उरलेत. सवलत आपल्या हक्काची आहे, ती सोडायची नाही. पण ती द्यायला पोराला वर्गात उभं करायची काय गरज? उत्तर प्रदेशात ज्या गोष्टीला प्रयोग म्हणाले ती आपल्याकडं दर पावसाळ्यात फुकट होते. गुरुजी, ह्या वर्षी तो फॉर्म आईच्या हातात द्या, ऑफिसात बोलावून. वर्गात जात पुकारू नका. माझ्याकडून अपेक्षांची यादी मागितली होती, तर त्यातली ही पहिली. खर्च शून्य रुपये.

दुसरी: पहिले पंधरा दिवस आडनाव विचारू नका. पोराला पहिल्या नावानं हाक मारा. आडनाव रजिस्टरात आहे, तिथंच राहू द्या. तिसरी: झाडू, ड्रम, बाक, खिचडीचं पातेलं, ह्यांची पाळी लावा, आणि पाळीचा कागद दारावर चिकटवा. रोज कोणाच्या हातात झाडू आणि कोणाच्या हातात खडू हे आम्ही तिथं येऊन वाचणार आहोत.

खांदे चांगले असलेली एक बाई ह्याच नागपुरात होती. हे पोरांनो तुम्हाला कोणी शाळेत सांगितलं नसेल. जाईबाई चौधरी. जन्म १८९२, उमरेडचा. दुष्काळात कुटुंब नागपुरात आलं. लहान वयात लग्न. आणि ही पोर नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहायची. हमाली. माझीच बिरादरी. एका मिशनरी बाईचं, मिस ग्रेगरी तिचं नाव, तिच्याकडं लक्ष गेलं. तिनं जाईबाईला शिकवलं आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून लावलं. पगार महिना चार रुपये. म्हणजे ओझ्याखालच्या डोक्याकडं बघून कोणीतरी एकीनं वेगळी अपेक्षा धरली. फक्त एवढंच घडलं.

मग पुढं काय झालं तेही ऐका. सवर्ण आईबापांना कळलं की आपल्या पोरांना शिकवणारी बाई अस्पृश्य आहे. त्यांनी गलका केला, पोरं काढून घेतली, आणि जाईबाईची नोकरी गेली. तिनं परत डोक्यावर ओझं घ्यावं अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार. तिनं १९२२ साली नागपुरात मुलींसाठी शाळा काढली. संत चोखामेळ्याच्या नावानं. पुढं १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, मोठमोठ्या बाया आल्या, आणि जेवायच्या वेळी जाईबाईला वेगळं बसवलं. आपल्या बायांनी त्याचा निषेध केला, सभा घेतली.

मला ह्या गोष्टीत मिस ग्रेगरीपेक्षा त्या शाळेतल्या मुली जास्त दिसतात. वर्गात पुढं उभी असलेली बाई हमाली केलेली आहे, तिला ओझं म्हणजे काय ते ठाऊक आहे. त्या वर्गात कोणाला 'तुझे खांदे चांगले आहेत' असं म्हणायची सोय नव्हती. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, त्यात हेच मागितलं होतं: प्राथमिक शाळेचा शिक्षक शिकवायचं शिक्षण घेतलेला असावा, आणि होईल तेवढा कष्टकरी शेतकरी वर्गातून आलेला असावा, त्यांच्यात मिसळणारा, त्यांची गरज ओळखणारा. आणि त्यांच्या सावित्रीबाईंच्या शाळेतून काय निघालं? मुक्ता साळवे. मांगाची चौदा वर्षांची पोर. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला, आणि त्यात तिनं धर्माच्या ठेकेदारांना असे प्रश्न विचारलेत की अजून उत्तर आलेलं नाही. तिला शाळेत येऊन फक्त तीनेक वर्षं झाली होती. तीन वर्षांत तुमची पोरं तिसरीत पोचतात.

आता खुर्चीवरची मंडळी जरा अस्वस्थ झालीत. त्यांचीही बाजू आहे आणि ती मी सांगतो, कारण कामगार म्हणून ती मला कळते. जोतीरावांनी त्याच निवेदनात शिक्षकाचा पगारही मागितला होता, बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावाला पंधरा-वीस द्या. पोटाला चिमटा काढून कोणी शिकवत नाही हे त्यांना कळत होतं. आणि आपल्याकडं २००० सालापासून 'शिक्षण सेवक' नावाचा प्रकार निघाला. पूर्ण काम, तीन वर्षं मानधन. प्राथमिकच्या सेवकाला कितीतरी वर्षं महिना सहा हजार मिळत होते, २०२३ साली सोळा हजार झाले. कंत्राटी माणूस मीही आहे. उद्याची खात्री नसली की आजचं पोतंही जड लागतं.

वर मतदारयाद्या आहेत, सर्व्हे आहेत, रोज एक लिंक येते, भरा. फोटो पाठवा. खिचडी खाल्ल्याचा आकडा पाठवा, झाड लावल्याचा पाठवा. कायद्यात स्पष्ट आहे की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही. तरी जुंपतात. गुरुजी, ह्यावर तुम्ही बोला, संपावर जा, मोर्चा काढा, आम्ही तुमच्या पुढं चालू. पण एक सौदा आहे. तुमच्या पगारासाठी आम्ही रस्त्यावर यायचं, तर आमच्या वाचता न येणाऱ्या पोरासाठी तुम्ही पाच मिनिटं जास्त बसायचं. तुमच्या संघटनेच्या मागणीपत्रात आमच्या पोराचं नाव मी अजून वाचलेलं नाही.

कोणी म्हणेल, सोडा ह्या शाळा, आम्ही इंग्रजीत घालू. खासगी शाळेत पंचवीस टक्के जागा आपल्या पोरांना आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं त्यातून पळवाट काढली होती, सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतली खासगी शाळा सुटली म्हणून. जुलैत हायकोर्टानं ती रद्द केली. अर्ज भरा, जागा सोडू नका. पण ज्याचा नंबर लागला नाही तो पोरगा कुठं जाईल? त्याच गल्लीतल्या शाळेत. मी त्याच्याविषयी बोलतोय.

आता सतरंजीवरच्या बायांनो, तुमच्याकडं येतो. उद्या शाळा उघडली की शाळा व्यवस्थापन समिती बनते. तिच्यात चारातले तीन आईबाप पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत, हे कायद्यात आहे. वंचित समाजाच्या आईबापांना पटाच्या हिशेबात जागा आहे. बहुतेक ठिकाणी काय होतं? गुरुजी घरी सही घ्यायला येतात, तुम्ही अंगठा देता, चहा होतो, समिती झाली. ह्या वर्षी घरी सही द्यायची नाही. शाळेत जाऊन द्यायची, आणि आधी विचारायचं: 'गुरुजी, माझ्या पोट्टीला आज कोणतं पान वाचता येते?' एवढा एकच प्रश्न. महिन्यातून एकदा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी विचारता येतो. पोरीला समोर बसवून ती वाचते का अडखळते हे माय कानानं ओळखते. त्याला शाळा लागत नाही.

१९९२ साली सरकारनं आपल्या पोरींना शाळेत यायचा भत्ता लावला होता. दिवसाला एक रुपया. तीस वर्षं उलटली तरी रुपया रुपयाच राहिला. त्या रुपयावर भांडायलाही मी तयार आहे. पण त्याआधी, रुपया घेऊन पोरगी वर्गात बसली, तर तिथं तिला काय मिळालं हे बघू.

आणि मागच्या पोट्ट्यांनो, आता तुम्ही पुढं आलाच आहात. रोज संध्याकाळी चौकात दोन तास जातात तुमचे. मी तुम्हाला भाषण देत नाही, काम देतो. प्रत्येकानं आपल्या गल्लीतली पाच पोरं घ्यायची. शिकवणी नव्हे, शिकवायचं काम गुरुजींचं, त्याचा पगार त्यांना मिळतो. तुम्ही टॅली क्लार्क. पोरगं आज शाळेत गेलं का, नाही गेलं तर कुठं गेलं, आणि महिन्याच्या शेवटी कोणतं पान वाचतं. एवढंच लिहायचं. भट्टीवर निघालेलं कुटुंब दिसलं तर जायच्या आधी गुरुजींना कळवायचं, आणि ते कोणत्या भट्टीवर गेलं त्याचं गाव लिहून ठेवायचं. फाटलेलं पोतं लपवायचं नाही, वेगळं काढून ठेवायचं.

एप्रिलात मी सुट्टी काढून येईन. गुरुजींचा पट आणि आपली वही शेजारी शेजारी ठेवू आणि नाव-नाव मिळवून बघू.

वही मी आणली आहे. दोनशे पानी. पहिलीत नव्यानं जाणारी पोरं आधी घेऊ. त्या कोपऱ्यातल्या बाई, तुमच्यापासून. पोरीचं नाव सांगा. आडनाव नको.